उलटं करून का गुणायचं?

पावणेदोन भागिले अर्धा. प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिलं, की बरेचसे छात्राध्यापक ते झटकन सोडवतात. पावणेदोनचे सात छेद चार, भागाकाराच्या चिन्हाचा गुणाकार, अर्ध्याला उलटं केलं की दोन, चौदा छेद चार, म्हणजे साडेतीन. मग त्यांना सांगायचं, की आता या भागाकाराची गोष्ट रचा. रोजच्या व्यवहारातला असा प्रसंग सांगा, की ज्यात पावणेदोनला अर्ध्यानेच भागावं लागेल. वर्ग थंड पडतो. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "पावणेदोन भाकरी दोन भावांना अर्ध्या-अर्ध्या वाटल्या." प्रसंग खरा आहे, पण तो दोनाने भागण्याचा. एकेका भावाला पुरती एक भाकरीही मिळत नाही, मग साडेतीन आले कुठून? दुसरा कुणी म्हणतो, "पावणेदोन लिटर दुधातलं अर्धं वापरलं." हा अर्ध्याने गुणण्याचा प्रसंग. उत्तर पुन्हा एकाहून कमीच.

हा प्रश्न मुळात लिपिंग मा यांच्या पुस्तकातला. मा शांघायमध्ये वाढल्या, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना खेड्यात पाठवलं गेलं, तिथे त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या आणि पुढे संशोधनासाठी अमेरिकेत गेल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारलेल्या मोजक्या प्रश्नांचा अभ्यास मांडला आहे. या भागाकाराचं पूर्ण बरोबर उत्तर अमेरिकन शिक्षकांपैकी ९ जणांना काढता आलं आणि अर्थाला धरून गोष्ट फक्त एकाला रचता आली. चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं आणि ६५ जणांनी योग्य गोष्ट सांगितली. बाकीच्या अमेरिकन शिक्षकांच्या गोष्टी कशा होत्या? दोनाने भागण्याच्या, नाहीतर अर्ध्याने गुणण्याच्या. म्हणजे आपल्या वर्गातली भाकरी आणि दूध तिथेही होतंच.

आपल्याकडे डी.एल.एड.ला बारावीनंतर कोणत्याही शाखेतून येता येतं. कला शाखेतून येणाऱ्या अनेकांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. म्हणून दरवर्षी कुणीतरी सुचवतं, की यांचं आठवी-नववी-दहावीचं गणित एकदा पक्कं करून घ्या. मला हे औषध चुकीचं वाटतं. या मुलांना उद्या पहिली ते पाचवीच्या वर्गावर उभं राहायचं आहे. त्यांना पहिली ते पाचवीचंच गणित शिकायचं आहे, फक्त ते विद्यार्थ्याने शिकावं तसं नाही. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये या वेगळ्या ज्ञानाकडे बोट दाखवलं. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचं ज्ञान दुसरं, आणि या दोहोंच्या मधलं तिसरं: हा ठरावीक घटक शिकताना मुलं कुठे अडखळतात, कोणतं उदाहरण त्यांना वाट दाखवतं आणि कोणतं चकवा देतं. महाराष्ट्रातल्या अध्यापक विद्यालयांत 'आशययुक्त अध्यापन पद्धती' हे शब्द वर्षानुवर्षं वापरले जातात. शब्द चोख आहेत. पण त्या नावाखालचा बराचसा वेळ उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणांचे तक्ते भरण्यात जातो.

आशय उकलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते एकेका घटकावरून पाहू.

सुरुवात स्थानिक किमतीपासून करावी. अडचण अशी, की वीस वर्षांच्या माणसाला दहाची पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते, की त्यात समजून घेण्यासारखं काही आहे हेच पटत नाही. म्हणून ती पद्धत काढून घ्यायची. वर्गाला सांगायचं, की एका गावात अंक पाचच आहेत: शून्य, अ, आ, इ, ई. ही माणसं एका हाताच्या बोटांवर मोजतात. प्रत्येक गटाला काड्यांचा ढीग आणि रबरं द्यायची. पाच काड्या झाल्या की जुडी, पाच जुड्या झाल्या की मोळी. आता मोजा आणि मोजलेलं लिहा.

अ, आ, इ, ई. पुढे? कुणीतरी उ लिहितं. नाही, तेवढेच अंक आहेत. जरा चुळबुळ होते, मग एखाद्या गटाला काड्यांकडे पाहून सुचतं: एक जुडी झाली, सुटी काडी एकही नाही, म्हणून अ०. तिथून अअ, अआ, अइ, अई हे सुरळीत येतं. त्यानंतर आ०. ईई पर्यंत गेल्यावर पुन्हा सगळे थांबतात. चार जुड्या, चार सुट्या काड्या, त्यांत एक काडी टाकली की सुट्यांची जुडी होते, जुड्या पाच होतात, त्यांची मोळी होते. अ००. एक मोळी, जुडी नाही, सुटी नाही. नव्याण्णवनंतर शंभर लिहिताना एका काडीने दोन घरं कशी ओलांडली, हे बहुतेकांनी इथे पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

मग बेरीज द्यायची. इ आणि ई किती? काही हुशार मंडळी मनात तीन आणि चार सात करतात आणि साताचं पुन्हा त्या गावच्या लिपीत भाषांतर करतात: अआ. ही पळवाट बंद करायची. गावात सात नाहीतच. काड्या घ्या, जुडी बांधा, उरलं ते लिहा. यानंतर आअ वजा ई. एका सुट्या काडीतून चार जात नाहीत, एक जुडी सोडावी लागते. शेवटी इ चा पाढा: इ, अअ, अई, आआ, इ०. हे करताना मोठी झालेली मुलं बाकाखाली हात धरून बोटं मोजायला लागतात. अध्यापकाचार्यांनी नेमकं तिथे तास थांबवावा आणि विचारावं, पहिलीतलं मूल बोटं मोजत असेल तर तुम्ही त्याला काय म्हणाल? या एका प्रश्नावर होणारी चर्चा बालमानसशास्त्राच्या अनेक टिपणांपेक्षा उपयोगी पडते.

मराठी मुलापुढे याच ठिकाणी आणखी एक अडचण असते. पंचवीस ऐकताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकून दोन लिहायचे असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी जोड देऊन वाचण्याची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या आणि दक्षिणेतल्या भाषांत संख्या अशाच सरळ वाचल्या जातात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं. भाषेचं नुकसान होईल की नाही, यावर वाद घालता येईल. पण वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला एवढं माहीत हवंच, की ५२ लिहिणारं मूल निष्काळजी नाही. कानाने ऐकलं त्याच क्रमाने ते लिहितंय.

स्थानिक किंमत हाताशी आली, की हातच्याच्या वजाबाकीला हात घालायचा. इथे जरा रेंगाळावं, कारण इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. उदाहरण ४०३ वजा १६८. छात्राध्यापकांना ते येतं. उत्तर २३५. पण त्यांना सांगायला लावा. "तीनातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य, शून्याकडे काही नाही, म्हणून चाराकडून एक उसना. चाराचे झाले तीन, शून्याचे झाले नऊ, तीनाचे झाले तेरा." इथे विचारायचं: चाराकडून एक घेतला, तर शून्याचे नऊ कसे झाले? आणि तोच एक तीनाकडे जाऊन दहा कसा झाला? एक दिला आणि एकोणीस निघाले? बरीच उत्तरं "तशी पद्धतच आहे" या वाक्याशी येऊन थांबतात.

आता खोट्या नोटा बाहेर काढाव्यात. ४०३ म्हणजे शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी. १६८ द्यायचे आहेत. सुटे हवेत. शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या. त्यांतली एक मोडली, दहा नाणी आली. हातात काय उरलं? शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, तेरा नाणी. नऊ कुठून आले ते आता दिसतं. रक्कम होती तेवढीच आहे, फक्त तिची मांडणी बदलली. 'उसना घेणं' हा शब्द त्यामुळे थोडा घोटाळ्याचा आहे, कारण इथे कुणी कुणाला काही परत करत नाही. नोट मोडली म्हणा, जुडी सोडली म्हणा.

लगेच मुलांच्या चुका समोर ठेवायच्या. एका मुलाचं उत्तर ३६५. दुसऱ्याचं १४५. या दोघांनी काय केलं असेल ते शोधा. पहिलं लवकर सापडतं: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला, वर कोणता आणि खाली कोणता ते पाहिलं नाही. वजाबाकी म्हणजे फरक, असं कुणीतरी शिकवलं की हे होतं. १४५ जास्त अवघड. या मुलाने एककासाठी चाराकडून थेट उसना घेतला, मधल्या शून्याला वळसा घातला. तेरातून आठ गेले, पाच. मग दशकाचं घर आलं, शून्यातून सहा जात नाहीत, पुन्हा शतकाकडून एक. दहातून सहा गेले, चार. शतकाच्या घरात दोन उरले होते, त्यांतून एक गेला, एक. प्रत्येक पायरी नीट केलेली, उत्तर ९० ने कमी. आणि हे ९० रुपये गेले कुठे? शंभराची नोट मोडली, दहा नाणी एककाला दिली, दहाच्या नऊ नोटा टेबलावरून खाली पडल्या आणि कुणी उचलल्याच नाहीत. उत्तरातली तूट नेमकी ९० असणं हा योगायोग नाही, हे कळल्यावर वर्गाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं.

मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशा नियमाने होतात, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये बारकाईने मांडलं. त्यांनी 'बगी' नावाचा संगणकावरचा खेळही केला होता. संगणक एखाद्या मुलासारखा चुकायचा आणि समोरच्याने त्याला आणखी गणितं घालून चूक ओळखायची. तो खेळ भावी शिक्षकांकडून खेळून घेतला गेला. आपल्याला संगणकही लागत नाही. सराव पाठांसाठी ज्या शाळेत जायचं, तिथल्या तिसरीच्या वह्या पुरतात.

यानंतर भागाकार. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या पाचवीच्या चार मुलांपैकी साधारण एकालाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. शिक्षकांना भागाकार येतो, पण त्याचे अर्थ दोन आहेत याकडे त्यांचं लक्ष कुणी वेधलेलं नसतं. बारा लाडू तीन मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? ही वाटणी. बारा लाडवांच्या तीन-तीनच्या पुड्या बांधल्या, तर पुड्या किती? हे गट पाडणं. उत्तर दोन्हीकडे चार, पण एकीकडे चार लाडू, दुसरीकडे चार पुड्या. हातांची हालचालसुद्धा वेगळी होते: वाटताना एकेक लाडू फिरवत जायचा, पुड्या बांधताना तीन-तीन उचलत जायचे. छात्राध्यापकांना पाठ्यपुस्तकातली भागाकाराची शाब्दिक उदाहरणं घेऊन ती या दोन ढिगांत लावायला सांगावं. पहिल्यांदा बरीच भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत.

हे दोन अर्थ हाताशी असले, की पावणेदोन भागिले अर्धा सुटायला लागतं. वाटणीचा अर्थ इथे आधी अंगावर येतो: अर्ध्या मुलात वाटायचं कसं? पण गट पाडता येतात. पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील? एक, दोन, तीन पिशव्या भरल्या, दीड लिटर संपलं, पाव लिटर उरलं. मग उत्तर सव्वातीन की साडेतीन? वर्गाचे हमखास दोन तट पडतात. उरलेलं दूध पाव लिटर आहे, पण पिशव्यांत मोजलं तर ती अर्धी पिशवी आहे. प्रश्न पिशव्यांचा होता, म्हणून साडेतीन. अपूर्णांकाच्या शिकवण्यात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा एकच प्रश्न: कशाचा? पाव कशाचा, अर्धा कशाचा. तो विचारायची सवय शिक्षिकेला लागली, तर तिच्या वर्गातले निम्मे गोंधळ होणारच नाहीत.

वाटणीचा अर्थही अगदीच टाकाऊ नाही, तो जरा वळवून घ्यावा लागतो. तीन मुलांना बारा लाडू, तर एका मुलाला किती? तसंच, अर्ध्या एकराला पावणेदोन किलो ज्वारीचं बियाणं लागलं, तर एका एकराला किती? दुप्पट, साडेतीन किलो. अर्ध्याने भागलं आणि दोनाने गुणलं, हे इथे आपोआप झालं. आता शेत पाऊण एकराचं घ्या, म्हणजे तीस गुंठे. त्याला तीन किलो लागलं. एकराला किती? दहा गुंठ्यांना एक किलो, चाळीस गुंठ्यांना चार किलो. आधी तीनाने भागलं, मग चाराने गुणलं. भागाकार होता तीन छेद चारने, आणि हाताने केलं ते चार छेद तीनने गुणणं. उलटं करून का गुणायचं, याचं उत्तर एवढंच आहे. अंशाने भागून एका तुकड्याचं काढायचं, छेदाने गुणून पूर्णाचं काढायचं. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलांना हे वर्गातल्या इतरांआधी कळतं आणि त्यांना तसं मोठ्याने सांगू द्यावं.

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेत. तीन पाऊण सव्वादोन हे जुन्या माणसांना कागदाशिवाय येई. त्या घोकंपट्टीची मी भलामण करत नाही. छडीच्या धाकाने केलेली उजळणी पुन्हा नको. पण त्या पाढ्यांत पाऊण ही एक रक्कम होती, वजन होतं, माप होतं. आज पाऊण म्हणजे आडव्या रेघेच्या वर तीन आणि खाली चार, असे दोन वेगवेगळे आकडे होऊन बसतात. आणि आकडे सुटे झाले, की १/२ अधिक १/३ बरोबर २/५ हे उत्तर अगदी रीतसर वाटतं.

या उत्तरापाशी एक गंमत आहे. "चूक आहे, छेद समान करा" एवढं म्हणून शिक्षिका पुढे जाऊ शकते. अर्धी भाकरी आणि आणखी तिसरा हिस्सा मिळून अर्ध्याहून कमी कसं होईल, असंही विचारू शकते. ते जास्त चांगलं. पण वर्गातलं एखादं चलाख मूल म्हणेल: काल दोन प्रश्नांतला एक बरोबर आला, आज तीनातला एक, मग पाचांतले दोन बरोबर नाहीत का? आहेत की. इथे पूर्ण बदललं आहे, पहिलं पूर्ण दोन प्रश्नांचं, दुसरं तीनांचं आणि शेवटचं पाचांचं. भाकरीच्या उदाहरणात पूर्ण एकच होतं. पुन्हा तोच प्रश्न, कशाचा? हे मूल चुकलेलं नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देतंय. एवढं ओळखण्याइतकं गणित प्राथमिक शिक्षकाला यायला हवं, आणि ते दहावीच्या पुस्तकात सापडत नाही.

शून्याने भागण्याचंही थोडक्यात असंच. सहा भागिले शून्य म्हटल्यावर कुणी शून्य म्हणतं, कुणी अनंत. सहा लिटर दूध शून्य लिटरच्या पिशव्यांत भरायला बसलात, तर कितीही पिशव्या घ्या, दूध सहा लिटरच राहतं. उत्तर नाहीच. ताळा करून पाहिला तरी कोणत्याही संख्येला शून्याने गुणून सहा येत नाहीत.

भूमितीत परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गाठ सोडवून घ्यावी. परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं, हे बहुतेकांना उघड वाटतं. चौकटीच्या कागदावर ४ बाय ४ आणि २ बाय ८ काढा: क्षेत्रफळ दोन्हींचं १६, परिमिती १६ आणि २०. मग १ बाय १० काढा: परिमिती २२, क्षेत्रफळ १०. एवढं पुरे.

शाब्दिक उदाहरणांबाबत एक वाईट खोड शिक्षकांच्या पिढ्यांमधून उतरत आली आहे: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार. छात्राध्यापकांना यावर उतारा म्हणून उलटी उदाहरणं रचायला लावावीत. सानिकाच्या पाच गोट्या हरवल्या, आता आठ उरल्या, आधी किती होत्या? शब्द 'उरल्या', क्रिया बेरीज. असं उदाहरण स्वतः रचलेला शिक्षक पुढे मुलांना शब्द हेरायला शिकवत नाही, प्रसंग डोळ्यांपुढे आणायला शिकवतो.

हे सगळं वर्गात झालं, तरी खरी परीक्षा सराव पाठात. तिथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, शैक्षणिक साहित्य. छात्राध्यापक रात्र जागून थर्माकोलची सुंदर आगगाडी करून आणतात, डब्यांवर अंक लावतात, निरीक्षकांचा शेरा चांगला येतो. पण त्या गाडीत दशकाचा डबा मोडून दहा एकक काढता येत नाहीत. जे साहित्य मोडता-जोडता येत नाही, ते स्थानिक किंमत शिकवायला कुचकामी. काड्या, मणी, नोटा चालतात, कारण त्यांच्यावर क्रिया करता येते. दुसरी गोष्ट, साहित्य एकीकडे आणि वहीतलं लेखन दुसरीकडे राहतं. मूल काड्यांनी बरोबर वजाबाकी करतं, मग काड्या बाजूला सारून वहीत ३६५ लिहितं. म्हणून क्रिया आणि नोंद एकाच वेळी व्हायला हवी: जुडी सोडली की लगेच वहीत दशकाच्या घरात एक कमी करायचा, एककाच्या घरात दहा वाढवायचे, मगच पुढची काडी उचलायची. पाठाच्या टाचणात हा क्रम लिहून घ्यावा. प्रस्तावनेचे ठरावीक प्रश्न थोडे कमी लिहिले तरी चालेल.

पाठ झाल्यावरची चर्चाही सुधारायला हवी. ती फलकलेखन, आवाज आणि वर्गनियंत्रण यांत अडकते. त्याऐवजी पाठ पाहणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाला एकच मूल वाटून द्यावं. त्या मुलाने काय लिहिलं, कुठे खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं, एवढंच टिपायचं. जपानमधल्या शिक्षकांत पाठ सामूहिकपणे आखून, पाहून, त्यावर बोलण्याची जुनी रीत आहे आणि तिथेही नजर शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्यांवर असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता असावी. वर्षं वाढायला माझी हरकत नाही. पण लिपिंग मा यांच्या अभ्यासातले अमेरिकन शिक्षक पदवीधर होते आणि चिनी शिक्षक नववीपर्यंत शाळा शिकून दोन-तीन वर्षं अध्यापक शाळेत गेलेले. त्यांची समज नोकरीत लागल्यावर पाठ्यपुस्तकाचा कसून अभ्यास करून आणि सहकाऱ्यांशी त्यावर बोलून वाढली होती. चार वर्षांतही पहिली ते पाचवीचं गणित सोपं म्हणून वगळलं गेलं, तर त्या चार वर्षांनी प्राथमिक वर्गात काही बदलणार नाही.

तोवर डी.एल.एड.च्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. गणिताच्या पेपरमध्ये 'गणित अध्यापनाची उद्दिष्टे लिहा' हा प्रश्न एका वर्षासाठी गाळा आणि त्याजागी हे विचारा: पाचवीतलं एक मूल म्हणतं, की ०.१२ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण बारा पाचापेक्षा मोठे. हे मूल काय समजून बसलं आहे, आणि ते बोलतं करण्यासाठी तुम्ही त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल? दहा गुण ठेवा. पेपरात जे येतं तेच अध्यापक विद्यालयात शिकवलं जातं, हे आपण सगळेच जाणतो.